धर्मश्रद्धा माणसाच्या मेंदूत उपजतच असते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा: श्रद्धा उपजत असते की शिकवलेली?

श्रद्धा शिकलेली असते. पण ती शिकणं सोपं जावं अशा काही सवयी मेंदूत फार लवकर, कुणी न शिकवता दिसू लागतात. हालचालीमागे कोणीतरी असणार असं वाटणं, वस्तूंमागे हेतू शोधणं, समोर नसलेल्या माणसाच्याही मनाचा अंदाज बांधणं, या त्या सवयी. तिथून एखाद्या विशिष्ट देवापर्यंत, उपासनेपर्यंत किंवा पापपुण्याच्या कल्पनेपर्यंतची वाट आजूबाजूची माणसंच दाखवतात. ‘श्रद्धा रक्तातच असते’ असं म्हणणारे आणि ‘ती निव्वळ लादलेली असते’ असं म्हणणारे, दोघेही तितक्याच ठामपणे बोलतात. उपलब्ध पुरावा दोघांनाही पुरती साथ देत नाही.

‘उपजत’ म्हणताना नेमका कोणता दावा केलेला असतो?

या विषयावरचे निम्मे वाद इथेच सुरू होतात, कारण तीन वेगळे दावे एकाच नावाने फिरत असतात. मेंदूत देवासाठी खास राखलेला भाग किंवा खास जनुक आहे, हा पहिला. कुणीही शिकवलं नाही तरी मूल आपण होऊन देव मानू लागतं, हा दुसरा. मेंदूची घडणच अशी आहे की धार्मिक कल्पना चटकन समजतात, लक्षात राहतात आणि पटतात, हा तिसरा. पहिला दावा जवळजवळ निकालात निघाला आहे. दुसऱ्याचा पुरावा डळमळीत आहे. तिसऱ्याला बऱ्यापैकी आधार आहे, आणि गंमत म्हणजे त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. म्हणून कुणी ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ असं म्हणालं, तर तिघांपैकी कोणता दावा सिद्ध झाला हे आधी विचारावं.

मेंदूत ‘देवाची जागा’ सापडली आहे, असं वाचलं होतं. खरं आहे का?

नाही. ही बातमी पसरली कशी, ते मात्र समजून घेण्यासारखं आहे.

१९९७ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पोरल लोबचा अपस्मार असलेल्या काही रुग्णांवरची निरीक्षणं मांडली. टेम्पोरल लोब म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग, आणि अपस्मार म्हणजे फेफरं. धार्मिक शब्द दाखवल्यावर या रुग्णांच्या त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे भावनिक उत्तेजनेची खूण, इतरांपेक्षा जास्त वाढत होती. रुग्ण मोजकेच होते. तरीही वर्तमानपत्रांनी मेंदूत देवाचा कप्पा सापडल्याचं जाहीर करून टाकलं.

त्याआधीपासून कॅनडात मायकेल पर्सिंजर एक शिरस्त्राण वापरून प्रयोग करत होते. त्यातून डोक्याच्या दोन्ही बाजूंना अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र दिलं जायचं. आपल्याशेजारी कुणीतरी अदृश्य उभं असल्यासारखं वाटलं, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पुढे स्वीडनमध्ये पेर ग्रॅनक्विस्ट यांच्या गटाने हाच प्रयोग कडक शिस्तीने केला. चुंबकीय क्षेत्र चालू आहे की बंद, हे ना शिरस्त्राण घालणाऱ्याला ठाऊक होतं, ना प्रयोग घेणाऱ्याला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार क्षेत्र चालू असण्या-नसण्याने काही फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो माणूस किती सूचनाक्षम आहे याने. जो सूचनेला चटकन प्रतिसाद देतो, त्याला अनुभव येत होता. पर्सिंजर यांनी या प्रयोगावर आक्षेप घेतले, पण त्यांच्या दाव्याला त्यानंतर फारसं बळ मिळालं नाही.

२००६ मध्ये मारिओ बोरगार्ड आणि व्हिन्सेंट पॅकेट यांनी कार्मेलाइट या कॅथलिक पंथातल्या १५ जोगिणींच्या मेंदूची चित्रं घेतली. आयुष्यातला सर्वांत उत्कट आध्यात्मिक अनुभव आठवायला त्यांना सांगितलं होतं, कारण असा अनुभव हुकमावर येत नाही. मेंदूत कुठला एकच भाग उजळला नाही. भावना, स्मृती, शरीराचं भान आणि दृश्य कल्पना यांच्याशी निगडित अनेक भाग एकत्र काम करताना दिसले.

मला या सगळ्यांत सर्वांत बोलका वाटतो तो डेन्मार्कमधला २००९ चा प्रयोग. उफे श्योट यांच्या गटाने नियमित प्रार्थना करणाऱ्या २० ख्रिस्ती माणसांना मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून निरनिराळी कामं दिली. त्यांत पाठ असलेली प्रार्थना म्हणायची होती, देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलायचं होतं आणि सांताक्लॉजकडे मागणीही मागायची होती. देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलताना मेंदूचे जे भाग जागे झाले, ते आपण दुसऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा विचार करताना जागे होतात तेच होते. सांताक्लॉजच्या वेळी तसं झालं नाही. म्हणजे मनापासून प्रार्थना करणाऱ्यासाठी समोर खरंच कुणीतरी ऐकणारं असतं, आणि त्या संवादासाठी मेंदू वेगळी यंत्रणा उभारत नाही. माणसांशी बोलण्यासाठी जे आहे, तेच वापरतो.

अपस्माराच्या झटक्यात देवदर्शन होतं, हे तरी खरं ना?

काही रुग्णांना झटक्याच्या वेळी अपार आनंदाचा, सगळ्या विश्वाचा अर्थ उलगडल्याचा अनुभव येतो. रशियन लेखक दस्तयेव्हस्कीने स्वतःच्या अशा क्षणांचं वर्णन केलं आहे. १९७५ मध्ये स्टीफन वॅक्समन आणि नॉर्मन गेश्विंड यांनी टेम्पोरल लोबच्या अपस्मारात काही जणांची धर्माची ओढ वाढते, असं नोंदवलं. पण असे अनुभव अगदी थोड्या रुग्णांना येतात. आणि कोट्यवधी श्रद्धावंतांना आयुष्यात एकदाही अपस्माराचा झटका आलेला नसतो. विरळ आजारातून सर्वसामान्य श्रद्धेचा उगम शोधणं मला गैर वाटतं. श्रद्धा बाळगणाऱ्यांवर आणि आजाराशी झुंजणाऱ्यांवर, दोघांवरही तो अन्याय आहे.

मग उपजत असं नक्की काय आहे?

चार्ल्स डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात स्वतःच्या कुत्र्याची एक गोष्ट नोंदवली आहे. उन्हाळ्याचा दिवस, हिरवळीवर कुत्रा पहुडलेला, थोड्या अंतरावर उघडी छत्री पडलेली. वाऱ्याच्या झुळकीने छत्री हलली की कुत्रा गुरगुरायचा. एरवी छत्रीशेजारी कुणी उभं असतं तर त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं. डार्विनने तर्क केला की दिसेल असं कारण नसताना झालेली हालचाल म्हणजे कुणीतरी परकं, जिवंत तिथे असणार, असं त्या प्राण्याला नकळत वाटलं असावं.

माणसात ही सवय कितीतरी पुढे गेलेली आहे. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकोनाच्या आतबाहेर सरकत होते, बाकी काही नाही. जे दिसलं ते लिहा, असं सांगितल्यावर ३४ पैकी फक्त एकाने आकृत्यांचं आकृत्या म्हणून वर्णन केलं. बाकीच्यांनी मोठा त्रिकोण दांडगट आहे, तो धाकट्याचा पाठलाग करतोय, वर्तुळ घाबरलंय अशा कथा लिहिल्या. नवजात अर्भकंही चेहऱ्यासारख्या मांडणीकडे इतर मांडणींपेक्षा जास्त वेळ पाहतात. मुद्दाम शिकवण्याआधीच आपला मेंदू ‘कोणीतरी’ शोधत असतो.

१९९३ मध्ये स्ट्यूअर्ट गथ्री यांनी यावर धर्माचा सिद्धांत उभारला. दगडाला अस्वल समजलं तर थोडी धावपळ होते. अस्वलाला दगड समजलं तर जीव जातो. म्हणून जास्त सावध राहणाऱ्यांचा वंश टिकला आणि त्यांच्या वंशजांना ढगात, वादळात, नशिबातही कुणाचा तरी हात दिसू लागला. पुढे मानसशास्त्रज्ञ जस्टिन बॅरेट यांनी याला ‘कोणीतरी’ हुडकणाऱ्या अतिसंवेदनशील शोधयंत्रणेचं रूप दिलं.

हे पटण्यासारखं आहे. मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे, आणि ती मोठी आहे. रात्री सळसळ ऐकून आपण दचकतो, क्षणभर कुणीतरी आहे असं वाटतं, मग वारा आहे हे कळतं आणि विषय संपतो. अशा दचकण्यातून नाव असलेला, स्वभाव असलेला, पिढ्यान्‌पिढ्या पूजला जाणारा देव आपोआप तयार होत नाही. त्यासाठी कथा लागते, आणि कथा सांगणारं कुणीतरी लागतं.

प्रयोगांतही हेच दिसतं. २०१९ मध्ये मार्क अँडरसन यांच्या गटाने लोकांना आभासी जंगलात फिरवलं. इथे कुणीतरी भेटण्याची शक्यता भरपूर आहे, असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांना जंगलात कुणीही नसताना कुणीतरी दिसल्याचं जास्त वेळा वाटलं. म्हणजे अपेक्षा आधी आणि भास नंतर. अनेक वेळा श्रद्धेमुळे ‘कोणीतरी’ जाणवतं. जाणवण्यातून श्रद्धा जन्मते हा क्रम आपण समजतो तितका सरळ नाही.

लहान मुलं जन्मतःच आस्तिक असतात, असं काही मानसशास्त्रज्ञ म्हणतात. त्यांचा आधार काय?

मुख्य आधार डेबोरा केलेमन यांच्या कामाचा. टोकदार खडक असे का असतात, असं सात-आठ वर्षांच्या मुलांना विचारलं, तर त्यांना ‘हळूहळू कण साचत गेले म्हणून’ या उत्तरापेक्षा ‘प्राण्यांना खाज सुटली तर अंग घासता यावं म्हणून’ यासारखं उत्तर जास्त आवडतं. प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी आहे, असं मुलांना वाटतं. ‘कशासाठी’ असेल तर ‘कुणी केलं’ हा प्रश्न फार दूर राहत नाही. म्हणून २००४ मध्ये केलेमन यांनीच मुलं सहजप्रवृत्तीने ईश्वरवादी असतात का, असा प्रश्न शोधनिबंधाच्या शीर्षकात विचारला.

मोठेपणी ही सवय जाते का? पूर्ण जात नाही. केलेमन यांच्या गटाने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांतल्या रसायन, भूगर्भ आणि भौतिक शास्त्रज्ञांना अशी विधानं दाखवली आणि चटकन खरं-खोटं ठरवायला सांगितलं. ‘प्राण्यांना श्वास घेता यावा म्हणून झाडं प्राणवायू तयार करतात’ हे त्या प्रकारचं विधान. वेळेचं बंधन असलं की शास्त्रज्ञांचीही अशी चुकीची विधानं मान्य करण्याची शक्यता वाढत होती. २०१५ च्या एका अभ्यासात तर धर्म न मानणाऱ्या प्रौढांनाही घाईत निसर्गातल्या गोष्टी कुणीतरी हेतूने घडवल्यासारख्या वाटल्या, आणि त्यांत फिनलंडमधले लोकही होते.

देव सर्वज्ञ आहे ही कल्पनाही मुलांना सोपी जाते, असं बॅरेट यांचं म्हणणं होतं. बिस्किटांच्या बंद खोक्यात खडे भरले आहेत हे मुलाला दाखवायचं आणि मग विचारायचं, आई आली तर तिला आत काय आहे असं वाटेल? देवाला? पाचेक वर्षांची मुलं आई चुकेल म्हणायची, पण देव चुकणार नाही म्हणायची. मात्र २०१० मध्ये जोनाथन लेन, हेन्री वेलमन आणि मार्गारेट इव्हान्स यांनी हाच प्रश्न वयाचे टप्पे बारकाईने पाडून तपासला. माणसाचं ज्ञान अपुरं असू शकतं, हे मुलांना समजू लागतं त्या सुमारास ती देवालाही तोच नियम लावतात. देवाचं वेगळेपण त्यांच्या मनात नंतर पक्कं होतं.

२०१४-१५ च्या सुमारास कॅथलीन कॉरिव्हो यांच्या गटाने पाच-सहा वर्षांच्या मुलांना चमत्काराच्या कथा सांगितल्या आणि त्यांतली माणसं खरी की काल्पनिक असं विचारलं. धार्मिक शाळेत किंवा प्रार्थनास्थळात जाणाऱ्या मुलांनी ती खरी मानली. धर्माशी संबंध नसलेल्या घरांतल्या मुलांनी काल्पनिक मानली. मूल मुळातच आस्तिक असतं आणि नास्तिक घर त्याची श्रद्धा पुसून टाकतं, असं असतं तर इतक्या कोवळ्या वयात एवढा फरक पडायला नको होता. माझ्या मते ‘जन्मतः आस्तिक’ या घोषणेविरुद्धचा हा सर्वांत जड पुरावा आहे. मुलांची हेतू शोधण्याची सवय मी मानतो. तिला श्रद्धा म्हणायला मी तयार नाही.

मेल्यावरही काहीतरी उरतं, असं तरी मुलांना आपोआप वाटतं ना?

जेसी बेरिंग यांनी २००४ मध्ये मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. त्यात मगर उंदराला खाऊन टाकते. मग प्रश्न: उंदराला आता भूक लागेल का? त्याचा मेंदू चालतोय का? त्याला आईची आठवण येईल का? शरीराची कामं थांबली हे मुलं मान्य करत होती, पण प्रेम, इच्छा, आठवण हे सगळं सुरू आहे असं लहान मुलं म्हणत होती. मोठ्या मुलांमध्ये हे प्रमाण कमी होतं. यावरून आत्म्याची कल्पना आधी येते आणि मृत्यूचं आकलन नंतर, असं बेरिंग यांनी मांडलं.

हे वाचून मीही बराच काळ हेलावलेला होतो, पण पॉल हॅरिस आणि रीटा अस्तुती यांचं काम वाचल्यावर चित्र पालटतं. हॅरिस आणि मार्ता खिमेनेझ यांनी स्पेनमधल्या ७ आणि ११ वर्षांच्या मुलांना आजीआजोबांच्या मृत्यूच्या दोन कथा सांगितल्या, एकीत डॉक्टर होता आणि दुसरीत धर्मगुरू. धर्मगुरूच्या कथेनंतर मन उरतं असं मुलांनी जास्त वेळा सांगितलं, आणि लहानांपेक्षा मोठ्या मुलांनी अधिक. मादागास्करमधल्या वेझो समाजातही अस्तुती आणि हॅरिस यांना हाच कल दिसला: मेल्यावर सगळं थांबतं हे मुलांना आधी कळतं, आणि पूर्वजांचं अस्तित्व ती वाढत्या वयाबरोबर शिकतात. शिवाय एकाच माणसाची उत्तरं संदर्भाने बदलतात. प्रेताविषयी विचारलं तर एक, समाधीविषयी विचारलं तर दुसरं. दोन्ही समजुती एकाच मनात शेजारी-शेजारी नांदतात.

गेलेल्या माणसाशी आपण मनातल्या मनात बोलत राहतो, हे मात्र खरं आहे. त्यासाठी धार्मिक असावं लागत नाही. ज्याच्या मनाचा अंदाज घ्यायची आयुष्यभराची सवय असते, ती सवय त्याच्या मृत्यूबरोबर एका दिवसात थांबत नाही.

मुलांना काहीच सांगितलं नाही, तर ती स्वतःचा देव तयार करतील?

असा प्रयोग करणं अमानुष ठरेल. भाषेच्या बाबतीत मात्र तशी एक जुनी कथा हिरोडोटसने लिहून ठेवली आहे. इजिप्तच्या राजाने दोन अर्भकं मेंढपाळाकडे दिली आणि त्यांच्याशी एक शब्दही बोलायचा नाही असा हुकूम केला, पहिली भाषा कोणती ते कळावं म्हणून. खरीखुरी घटना त्याहून विलक्षण आहे. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कर्णबधिर मुलांना प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आणलं गेलं, आणि त्या मुलांनी कुणी न शिकवता एक संपूर्ण खूणभाषा घडवली.

धर्माबाबत असा एकही निर्विवाद दाखला नाही. माझा अंदाज असा की एकटं मूल धर्म घडवणार नाही. मुलांचा गट पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिला तर अदृश्य पात्रांच्या कथा आणि काही विधी नक्की घडवेल. त्याला धर्म म्हणायचं की नाही, ते व्याख्येवर ठरेल.

देवाचं जनुक सापडल्याचं ऐकलं होतं, त्याचं काय झालं?

२००४ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांनी ‘द गॉड जीन’ या पुस्तकात व्हीमॅट-२ या जनुकाचा संबंध आध्यात्मिक ओढीशी जोडला. हे जनुक मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांच्या वाहतुकीशी संबंधित आहे. हेमर यांच्याच आकडेवारीत त्याचा परिणाम नगण्य होता, आणि पुस्तकाच्या नावाने जेवढा गाजावाजा झाला त्याच्या पासंगालाही तो पुरत नव्हता.

जुळ्या भावंडांचे अभ्यास अधिक भरवशाचे आहेत. १९९० मध्ये मिनेसोटाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. धर्माविषयीच्या आस्थेत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असावा असं त्यांना आढळलं. २००५ च्या लॉरा कोनिग यांच्या अभ्यासातला वयाचा पैलू मला विशेष वाटतो. लहानपणीच्या धार्मिकतेत आनुवंशिकतेचा वाटा १२ टक्के होता, मोठेपणी तो ४४ टक्के झाला. लहानपणी घर ठरवतं, पुढे स्वभाव डोकं वर काढतो.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. आनुवंशिकतेचा हा आकडा माणसामाणसांतल्या *फरकाबद्दल* असतो. त्यातून ‘श्रद्धा सगळ्या मानवजातीत उपजत आहे’ हे निघत नाही. निघतं ते जवळजवळ उलट, की ती ओढ सगळ्यांत सारखी नसते. आणि कोणत्या धर्माचं व्हायचं, यात आनुवंशिकतेचा वाटा जवळपास नाहीच. ते घर आणि समाज ठरवतो.

जगातले सगळे देव एकमेकांसारखे का वाटतात?

ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला ग्रीक कवी-तत्त्वज्ञ झेनोफनीस म्हणून गेला होता की घोड्यांना हात असते तर त्यांनी घोड्यांसारखे देव काढले असते. पास्कल बॉयर यांनी याला आजच्या मानसशास्त्राचं रूप दिलं. जी कल्पना जवळजवळ सगळ्या बाबतींत नेहमीसारखी आणि एखाद-दोन बाबतींत अनपेक्षित असते, ती लक्षात राहते. राग-लोभ असलेला, बोललेलं ऐकणारा, पण शरीर नसलेला असा ‘कोणीतरी’ या मापात नेमका बसतो. सगळंच विचित्र असलेली कल्पना सांगताना विसरली जाते. हे म्हणणं मला पटतं, पण एक उणीव राहते: परीकथांतली पात्रंही अशीच असतात, आणि त्यांची कुणी आराधना करत नाही.

उत्क्रांतीने श्रद्धा का टिकवली? तिचा काही फायदा असणारच ना?

‘असणारच’ हा शब्द जरा सैल करू या. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७९ मध्येच बजावलं होतं की जिवांचं प्रत्येक वैशिष्ट्य उपयोगासाठीच निवडलं गेलं असं गृहीत धरू नये. काही गोष्टी दुसऱ्या कशाच्या तरी ओघात येतात. बॉयर, बॅरेट यांच्या मते धर्म असाच ओघात आलेला आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, धर्माने गट बांधले. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी १९ व्या शतकातल्या अमेरिकेतल्या ८३ सहजीवन वसाहती, म्हणजे एकत्र राहून काम आणि मालमत्ता वाटून घेणारे गट, तपासल्या. धार्मिक वसाहती जास्त काळ टिकल्या होत्या, आणि त्यांच्यात सभासदांकडून जितका जास्त त्याग मागितला जाई तितकी वसाहत दीर्घायुषी होती. निधर्मी वसाहतींत त्यागाचा असा परिणाम दिसला नाही. मात्र यावरून व्यक्तीच्या मेंदूबद्दल काही सिद्ध होत नाही. इथे टिकल्या त्या चालीरीती आणि संस्था.

याच क्षेत्रात सावधगिरीचा धडाही आहे. नीतीवर नजर ठेवणारे देव समाज मोठे झाल्यानंतर आले, असा दावा करणारा ४१४ समाजांचा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि गाजला. जिथे माहितीच उपलब्ध नव्हती तिथे ‘असे देव नव्हते’ असं धरल्याचं टीकाकारांनी दाखवून दिलं, आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला.

सगळ्या समाजांत धर्म आहे. उपजत असल्याचा एवढा पुरावा पुरेसा नाही?

नाही. आगीवर अन्न शिजवणंही सगळ्या समाजांत आहे, पण ते मुलांना शिकवावंच लागतं. सगळीकडे सारख्या गरजा आणि सारखे प्रसंग असले की सारखी उत्तरं निघतात, आणि मृत्यू तर कुणालाच चुकला नाही.

धर्माचा प्राचीनपणा खरा आहे. इस्रायलमधल्या काफझे गुहेत सुमारे ९०,००० वर्षांहून जुनी, मुद्दाम केलेली दफनं सापडली आहेत. जर्मनीत सापडलेली, सिंहाचं डोकं आणि माणसाचं शरीर असलेली हस्तिदंती मूर्ती सुमारे ४०,००० वर्षांची आहे. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपेचे प्रचंड कोरीव खांब सुमारे ११,००० वर्षांपूर्वीचे आहेत. पण काळजीने पुरलं म्हणजे परलोक मानला असं होत नाही. प्रेम आणि दुःखही माणसाला एवढं करायला लावतं.

मग नास्तिकांच्या मेंदूत काही कमी असतं का?

नाही, आणि हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो त्याचं मला वाईट वाटतं. तसंच श्रद्धावंतांची विचारशक्ती कमी असते, हा त्याचाच आरशातला दावा तितकाच लंगडा आहे.

प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातले सुमारे २४ टक्के लोक कोणत्याही धर्माचे नव्हते. ते सगळे नास्तिक नव्हेत. त्यांतले अनेक जण कुठली ना कुठली अदृश्य शक्ती मानतात. पण इतकी मोठी लोकसंख्या अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही. न मानणारे आजच उगवले असंही नाही. चार्वाकांनी परलोक नाकारला होता. जैन आणि बौद्ध परंपरांनी जगाचा कर्ता ईश्वर नाकारून धर्म उभे केले, त्यामुळे ‘धर्म म्हणजे देव’ हे समीकरणही सगळीकडे चालत नाही.

२०१२ मध्ये विल जर्व्हे आणि आरा नोरेनझायन यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की चिकित्सक विचाराला चालना दिली की श्रद्धा घटते. एका प्रयोगात लोकांना फक्त रोदँच्या ‘द थिंकर’ या शिल्पाचं चित्र दाखवलं होतं. पुढे दुसऱ्यांनी तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा परिणाम दिसला नाही. २०१७ मध्ये मिगेल फारियास यांच्या गटाने स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेकरूंपासून मेंदूला विद्युत चेतना देण्यापर्यंत सगळं करून पाहिलं. अंतःप्रेरणेने विचार करणं आणि श्रद्धा यांचा संबंध सापडला नाही.

२०२१ मध्ये जर्व्हे यांनीच केलेल्या अभ्यासात नास्तिकतेचा सर्वांत जोरदार अंदाज देणारी गोष्ट वेगळीच निघाली. लहानपणी आजूबाजूची माणसं श्रद्धेनुसार *वागताना* दिसली होती का? वेळ, पैसा, कष्ट तिच्यासाठी खर्च करत होती का? ज्यांना असं वागणं फारसं दिसलं नव्हतं, ते नास्तिक होण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये मांडलेल्या कल्पनेशी हे जुळतं: मूल उपदेशावर विश्वास ठेवत नाही, कृतीवर ठेवतं.

श्रद्धेमागचं मेंदूतलं कारण कळलं, की देव नाही हे सिद्ध झालं?

नाही. दोन आणि दोन चार हे समजतानाही मेंदूत काहीतरी घडतं. त्याने गणित खोटं ठरत नाही. सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन यांनी मांडलं होतं की ईश्वराची जाणीव माणसाच्या मनात ईश्वरानेच पेरली आहे. बॅरेट स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती आहेत आणि त्यांना आपलं संशोधन या विचाराशी सुसंगत वाटतं. त्याच पुराव्याकडे पाहून दुसरे अभ्यासक म्हणतात, हा सावध मेंदूचा भास आहे. पुरावा दोघांचा एकच. तो एवढंच सांगतो की ‘मला आतून जाणवतं’ हे एकटं कारण पुरेसं नाही, कारण आतून जाणवणं चुकीच्या गोष्टींचंही होतं. पुढचा निवाडा तत्त्वज्ञानाचा आहे.

हे संशोधन सगळ्या मानवजातीला लागू धरायचं का?

अजून नाही. वर सांगितलेले बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य देशांतल्या, सुशिक्षित, बहुधा ख्रिस्ती वातावरणात वाढलेल्या लोकांवर झाले आहेत. हेन्रिक, हाइने आणि नोरेनझायन यांनी २०१० मध्ये दाखवलं की मानसशास्त्राचे असे नमुने माणसांच्या एकूण वैविध्याच्या एका टोकाला असतात. ‘देव’ म्हटल्यावर एकच सर्वज्ञ निर्माता डोळ्यांपुढे येणाऱ्या मुलांची उत्तरं, अनेक देव किंवा पूर्वज असलेल्या घरातल्या मुलांना लावता येणार नाहीत. वेझो मुलांचा अभ्यास इतका मोलाचा वाटतो तो म्हणूनच.

आता ‘डेव्हलपिंग बिलीफ नेटवर्क’ या प्रकल्पात वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या धर्मांच्या आणि धर्म नसलेल्या घरांतल्या मुलांना सारखेच प्रश्न विचारले जात आहेत, आणि त्यांच्या पालकांनाही. त्याच मुलांना काही वर्षांनी पुन्हा विचारलं जातं, तेव्हा कोणती समजूत सगळीकडे एकाच वयात उमटते आणि कोणती फक्त त्या घरात ऐकल्यामुळे, हे वेगळं करता येतं.